सातवा डाग

आमच्या ह्यांनी अख्ख्या रत्नागिरीच्या तोंडावरचे डाग पुसले आहेत. खोटं वाटत असेल तर राम आळीत जाऊन ‘रत्नप्रभा फोटो स्टुडिओ’च्या काचेत लावलेले फोटो बघून या. देवीचे व्रण नाहीत, मुरुमं नाहीत, वांग नाहीत, तीळ नाहीत. सगळी माणसं मेली सोललेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत. गिऱ्हाइकानं दारातून ‘राजाभाऊ, फोटो काढायचाय’ म्हणायचा अवकाश, की त्याच्या चेहऱ्यातलं काय काय काढून टाकायचंय ते हे बघायला लागतात. विचारायचं वगैरे काही नाही. बारीक ब्रश, थोडासा रंग, नि माणसाला ओळखू येणार नाही इतका स्वच्छ करून द्यायचा.

माझ्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ आहे. माझी आई म्हणायची, आनंदी, शंभर पोरींत तू त्या तिळानं ओळखू येशील. लग्न होऊन या घरात आले नि ह्यांनी पहिला फोटो काढला तो माझा. हौसेनं फ्रेम करून माजघरात लावला. बघते तर तीळ गायब! मी म्हटलं, ‘अहो, माझा तीळ?’ तर म्हणाले, ‘काढला. बघ, कसा स्वच्छ आलाय चेहरा!’ आणि माझ्याकडे असे बघायला लागले, की मी आता पायाच पडणार त्यांच्या. पाया पडतेय डोंबल! तीस वर्षं तो फोटो भिंतीवर तसाच होता, आणि तीस वर्षं मी त्याच्यावरून भांडत होते. त्या फोटोतली बाई कोण होती ती असो, मी नव्हते ती.

येसूबाईची गोष्ट तर त्याहून भारी. येसूबाई मिरकरवाड्याची. मासळीच्या लिलावात तिनं बोली लावली की बंदराच्या पार त्या टोकाला ऐकू जाते. तिच्या उजव्या भुवईवर लहानपणची खोक आहे. कसल्याशा ओळखपत्राला तिनं ह्यांच्याकडून फोटो काढून घेतला नि ओळखीची खूण म्हणून भुवईवरची खोक सांगितली. फोटोत खोक कुठाय? ह्यांनी पुसली! ओळखपत्र अडकलं. मग येसूबाई भर दुपारी स्टुडिओत शिरून ह्यांना जे काही बोलली, ते मी इथे सांगणार नाही. हे आपले म्हणत होते, ‘अहो, पण चेहरा किती छान आलाय.’

डागांनंतर ह्यांचा दुसरा वैरी म्हणजे बुरशी. आपली हवा काय सांगायला नको, पावसाळ्यात कोनाड्यातल्या चपलेला सुद्धा मिशा फुटतात. कॅमेऱ्याच्या काचेवर एकदा का ती धरली, की काच खात जाते, नि मग फोटो धुरकट होतात, त्यांत फिकट मऊ डाग उमटतात. म्हणून स्टुडिओत एक लाकडी कपाट आहे आणि त्या कपाटात रात्रंदिवस एक बल्ब पेटता असतो. त्या उबेत ह्यांच्या लेन्सा सुखानं बसलेल्या असतात. माझ्या पोह्याच्या पापडांचं सादळून चामडं झालं तरी त्यांना तिथे जागा नव्हती. एकदा मी गुपचूप डबा ठेवला होता, तर दोन दिवस अबोला धरला ह्या माणसानं! पण जिल्ह्यातल्या कुठल्याही फोटोग्राफरला विचारलं, तरी राजाभाऊंच्या काचेला बुरशी नाही, हे तो मान्य करायचा. चार माणसं जमली की ह्यांचं वाक्य ठरलेलं, ‘माझ्याकडे एक वेळ गिऱ्हाईक नसेल, पण बुरशीही नाही.’

असल्या माणसाच्या पोटी आमची ऋजुता. एकुलती एक. फ्रॉक घालत होती तेव्हापासून डार्करूममध्ये लाल दिव्याखाली स्टुलावर बसलेली असायची. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटायला लागला की टाळ्या पिटायची. ह्यांना वाटलं, स्टुडिओ हीच चालवणार. पण पोरगी भौतिकशास्त्र शिकायला पुण्याला गेली, तिथून इंग्लंडला, आणि फिरून फिरून आली ती कॅमेऱ्यावरच. फक्त तो कॅमेरा बसवायचा होता एका मोठ्या दुर्बिणीवर, पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटावर, ढग खाली राहतील एवढ्या उंच डोंगराच्या माथ्यावर. ह्यांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. ‘आमची ऋजुता कॅमेरे बनवते,’ असं सांगत सुटले. दोघाचौघांनी तर कॅमेरा स्वस्तात मिळेल का म्हणून विचारून ठेवलं.

अठ्ठ्याण्णव साली तिनं त्या कॅमेऱ्यातून आलेला फोटो पाठवला. ह्यांनी हात धुऊन, पुसून पाकीट उघडलं. आत काय, तर एक काळपट, रवाळ कागद आणि त्याच्यावर सहा फिकट मऊ डाग. बस, एवढंच. ह्यांनी भिंग लावलं. कागद खिडकीशी नेला, सरळ धरला, तिरका धरला. मग चष्मा काढून मला म्हणाले, ‘लेन्सला बुरशी आलीय गं.’

आणि तेच रविवारी तिला फोनवर सांगितलं! मी मागून खुणा करकरून थकले. ‘कॅमेरा चांगलाच असणार बाळ, पण तुमच्याकडे काच नीट ठेवत नाहीत. साहेबांना म्हणावं, कपाटात बल्ब लावा.’ ती नुसतं ‘बरं, बाबा’ म्हणाली नि फोन ठेवला. तेव्हापासून बापलेकीत कॅमेऱ्याचा विषय बंद. हवापाणी बोलायची, आंबा कसा आलाय ते बोलायची, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं. कॅमेऱ्याबद्दल अवाक्षर नाही. ह्यांना वाटायचं, फोटो फसला म्हणून पोरीला लाज वाटतेय, आपण कशाला जखमेवर बोट ठेवा. आणि तिला वाटायचं, बाबांना आपलं काम कामच वाटत नाही. दोघंही एका नंबरची हट्टी. मधल्या मधे माझा मात्र जीव जायचा.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात ती रजा काढून आली. मागच्या पडवीत मी फणस फोडत होते, ती हाताला तेल लावून गरे काढत होती. मधेच म्हणाली, ‘आई, खरं सांग, बाबा माझ्या कामाबद्दल कधी काही विचारतात का गं?’

काय सांगणार कप्पाळ! मी म्हटलं, ‘ते राहू दे. ते डाग म्हणजे काय, ते मला सांग. मला काही फोटोग्राफीतलं कळत नाही, त्यामुळे मी चुका काढणार नाही.’

ती हसली नि सांगायला लागली. एकेक डाग म्हणजे म्हणे एकेक दीर्घिका. आपली आकाशगंगा आहे ना, तसला ताऱ्यांचा अख्खा पसारा. तिथे नवे नवे तारे जन्माला येताहेत, पण भोवती सगळी धूळ. साध्या दुर्बिणीतून बघितलं तर काळोख. ‘पण आतल्या ताऱ्यांनी ती धूळ किंचित तापते, आई. तापते म्हणजे आपल्या बर्फाहून कितीतरी गारच, पण तिच्यातून लहरी निघतात. आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यांची लांबी एक मिलिमीटरहून थोडी कमी भरते, म्हणून त्यांना सबमिलिमीटर म्हणतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. आमचा कॅमेरा नेमक्या तेवढ्याच टिपतो.’

‘म्हणजे बुरशी नाही ना?’

‘आई!’

‘बरं बरं. पुढे सांग.’

पुढचं ऐकून तर मी थक्कच झाले. तो कॅमेरा म्हणे एका मोठ्या थर्मासात बसवलेला असतो, आणि तो इतका गार करतात, इतका गार करतात, की त्याहून गार जगात जवळजवळ काही होऊच शकत नाही. का, तर त्याची स्वतःचीच ऊब फोटोत उतरेल म्हणून. मी म्हटलं, ‘हो मग! शेजारच्या घरातल्या पणतीची ऊब जाणवायला हवी असेल, तर आधी आपली चूल विझवायला नको का?’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘हे मी तिकडे माझ्या भाषणांत सांगू?’

‘सांग की. आणि एवढ्या उंच डोंगरावर कशाला गं कडमडता?’

‘दमट हवा चुकवायला. हवेतली वाफ या लहरी गिळून टाकते. त्या माथ्यावर वाफ अगदी थोडी. तरी एखादी रात्र दमट निघतेच, मग आम्ही हात चोळत बसतो.’

माझ्या हातातला कोयता थांबला. ‘अगं, मग हे त्यांना जाऊन सांग ना! दमट हवेपायी ज्या माणसानं जन्मभर बल्ब जाळला, त्याला नाही कळणार तर कुणाला कळणार?’

‘नाही सांगणार.’ ओठ घट्ट मिटले तिनं. अगदी बापाची जिवणी! ‘त्यांनी विचारलं तर सांगेन. चार वर्षं वाट बघतेय मी, आई. एक फोटोग्राफर दुसऱ्याला विचारतो ना, तसं त्यांनी मला एकदा काहीतरी विचारावं. एकदाच. आणि तू मधे पडायचं नाहीस, शपथ आहे माझी.’ डोळे भरून आले होते. हात चिकानं बरबटलेले, पुसता येईनात. मीच पदरानं पुसले. असा राग आला होता मला ह्यांचा, की समोर असते तर फणसाची काटेरी चारखंडच हाणली असती.

त्याच आठवड्यात महिपतराव घरी आले. महिपतराव म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर, ऋजुता त्यांच्या हाताखाली गणित शिकलेली. म्हणाले, शाळेच्या हॉलमध्ये तुझं व्याख्यान ठेवू, गावाला कळू दे काय करतेस. ती कबूल झाली. पण पडद्यावर चित्रं दाखवायची तर वीज हवी, आणि मे महिन्यातल्या विजेचा भरवसा काय! मी लगेच तोंड घातलं. शपथ सांगायच्या बाबतीत होती, युक्ती सुचवायच्या बाबतीत नव्हती. म्हटलं, ‘मोठा फोटोच लावा की समोर. आपल्या घरचा स्टुडिओ आहे. बाबांना सांग, मोठा करून देतील.’ मनात म्हटलं, आता तरी विचारतील, हे काय आहे गं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन स्टुडिओत गेली. मी डब्याचं निमित्त काढून मागोमाग. दोघं काउंटरच्या दोन बाजूंना.

‘केवढा हवाय?’ ह्यांनी विचारलं.

‘वीस बाय चोवीस.’

‘मॅट की ग्लॉसी?’

‘तुम्ही म्हणाल तो.’

‘मॅट. लांबून चमकत नाही.’

झालं. संपलं संभाषण! अनोळखी गिऱ्हाइकाशी सुद्धा हा माणूस चार शब्द जास्त बोलतो. ऋजुता खाली मान घालून निघून गेली. हे मात्र तो फोटो हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. मला म्हणाले, ‘पोरीनं आपण होऊन माझ्याकडे आणून दिला गं. बघच तू, चारचौघांत तिची मान खाली जाऊ देणार नाही मी.’

त्यानंतर हे डार्करूममध्ये गेले ते जवळजवळ राहायलाच. जुना स्टँडवाला कॅमेरा काढून त्या फोटोचा फोटो घेतला, त्याची निगेटिव्ह केली, एन्लार्जरवर चढवून मोठी केली. ह्यांना ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करायची सवय आहे. ओठ काळे दिसले की समजावं, कुणाचं तरी काहीतरी पुसलं गेलं. त्या दिवसांत ओठ तर काळे होतेच, जीभ सुद्धा काळी. मला वाटलं, लग्नसराई आहे, कुणा नवरीचं काम असेल. गुणगुणत काय होते, चहा मागून घेत काय होते! इतके खूश मी त्यांना ऋजुता जन्मली तेव्हा बघितलं होतं.

व्याख्यानाला हॉल भरला. राम आळी झाडून आली होती. येसूबाई मिरकरवाड्याच्या चारपाच बायका घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. ऋजुता काठापदराची साडी नेसून उभी राहिली, आणि काय बोलली हो पोर! धूळ, तारे, थंड कॅमेरा, सगळं सोपं करून सांगितलं. माझी चूल आणि पणती आली तेव्हा बायका माना डोलवायला लागल्या. पहिल्या रांगेत मी पदर सारखा केला. मधेच पंखे थांबले, वीज गेली. ‘बघा, सांगितलं नव्हतं?’ असं महिपतराव सगळ्यांना सांगत सुटले. पण खिडक्यांतून संध्याकाळचं ऊन आत येत होतं, काही अडलं नाही.

‘आता तो फोटो बघू,’ ऋजुता म्हणाली. स्टेजवर फळीला तो लावलेला होता, वर ह्यांचं उपरणं टाकलेलं. सकाळपासून कुणाला बघू दिला नव्हता. हे उठले, कोटाची बटणं लावली नि उपरणं अलगद काढलं.

‘तर मंडळी, हे जे सहा...’ म्हणत ऋजुता छडी घेऊन वळली, आणि छडी वरच्या वर राहिली.

फोटोत काही नव्हतं. वीस बाय चोवीसचा एकसारखा, सुंदर, रवाळ काळोख. कुठे म्हणून डाग नाही.

‘बाबा,’ ती हळूच म्हणाली, ‘डाग कुठे गेले?’

‘काढले!’ हे आनंदानं फुलून गेले होते. ‘एकूण एक काढला. चार वर्षं तुझ्या मनाला लागून राहिलं होतं ना ते? म्हटलं, गावासमोर तुझा फोटो डागाळलेला जायला नको. बघ, कसं स्वच्छ आलंय आकाश!’

देवा रे देवा. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. तीस वर्षांपूर्वीचा ‘कसा स्वच्छ आलाय चेहरा’ माझ्या कानात वाजला. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर छडी टाकून निघून जाईल, आणि मग या दोघांचं काही ह्या जन्मात जुळत नाही.

‘बाबा, तो फोटो त्या डागांचाच होता,’ ऋजुता म्हणाली. ‘बाकी तिथे काही नव्हतंच. त्या सहा दीर्घिका होत्या.’

ह्यांचा चेहरा बघवेना. उपरणं हातात तसंच धरून ते मागच्या खुर्चीवर बसले. महिपतराव उगाचच खोकले. आणि तिसऱ्या रांगेतून येसूबाईचा लिलावातला आवाज आला, ‘राजाभाऊ, माजी खोक पुसलीत ती पुसलीत, आता आभाळ पन सोडला नाय तुमी!’

आधी बायका हसल्या, मग पुरुष, मग पोरंटोरं. आणि ऋजुता! तिनं तोंडावर हात घेतला, पण कसलं आवरतंय? खांदे हलायला लागले नि ती मोठमोठ्यानं हसत सुटली. तिला हसताना बघून मला एकदम सुचलं. उभी राहिले नि तिथूनच ओरडले, ‘अहो, रंग कसला लावलात?’

‘पाण्याचाच,’ हे रडक्या आवाजात म्हणाले.

‘मग पुसा की! बसलात काय?’

हे उठले. व्याख्यात्याच्या टेबलावरच्या पेल्यात रुमालाचं टोक बुडवलं, पिळलं, आणि फोटोच्या वरच्या कोपऱ्यात हलक्या हातानं फिरवलं. काळोख थोडा विरघळला. खालून एक फिकट, गोल, मऊ डाग वर आला. ऋजुतानं टाळ्या पिटल्या. अगदी फ्रॉकातल्या ऋजुतानं पिटल्या असत्या तशा. मग सगळ्या हॉलनं पिटल्या.

‘एक!’ पोरं ओरडली.

दुसरा डाग पुसता पुसता ह्यांचा हात थांबला. मान न वळवताच विचारलं, ‘एक्स्पोजर किती दिलं होतंस गं?’

ऋजुताचं हसणं थांबलं. ‘पन्नास तासांच्या वर, बाबा. रात्रीमागून रात्री जोडून.’

‘पन्नास तास?’ हे गर्रकन वळले. ‘एका फोटोला? मी भगवती किल्ल्यावरून दीपगृहाचा घेतला होता तो वीस मिनिटांचा, त्याचं कौतुक अजून सांगत फिरतोय! आणि हलला नाही?’

‘दुर्बीण आभाळाबरोबर फिरते.’

‘दोन!’ पोरं ओरडली. पण आता ह्यांचं लक्ष पोरांकडे कुठे! एक डाग पुसायचे नि एक प्रश्न विचारायचे. काच कसली? आरसा आहे, बाबा. केवढा? आपल्या हॉलच्या रुंदीएवढा. फिल्म? फिल्म नाही, ऊब मोजणारे बारीक ठिपके आहेत. आणि मग तो प्रश्न आला, ‘पण एवढ्या उंचावर कशाला?’

‘दमट हवा, बाबा. सगळं खाऊन टाकते ती.’

ह्यांनी रुमाल खाली घेतला. ‘म्हणजे तिकडे सुद्धा हाच वैरी?’

‘हाच.’

‘मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस मला?’

‘तुम्ही विचारलंत कुठे?’

ह्यांनी रुमाल टेबलावर ठेवला. मग भर स्टेजवर, सगळ्यांच्या देखत, तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘चुकलं बाळ,’ म्हणाले. मी ढसाढसा रडत होते. शेजारची बाई विचारत होती, काय झालं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमचं बरं चाललंय.

तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. टाळ्यांनी हॉल दणाणला. महिपतराव आभार मानायला उठले सुद्धा. पण हे आपले रुमाल बुडवून खालच्या उजव्या कोपऱ्याशी वाकलेले. तिथूनही एक फिकट डाग वर आला.

‘सात!’

ऋजुता पुढे झाली. ‘बाबा, हा माझा नाही.’

‘नाही कसा? मीच पुसलाय. सगळ्यांत चिवट हाच होता.’

‘माझे सहाच आहेत.’ तिनं ह्यांच्या खिशातलं भिंग काढून डागावर धरलं. मग भिंग ह्यांच्या हातात दिलं. ‘तुम्हीच बघा. माझे सगळे गोल आहेत. याला मुळं फुटलीत.’

ह्यांनी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की पहिल्या रांगेलाच ऐकू आलं, ‘बुरशी.’

‘काय? काय म्हणतात?’ मागून लोक विचारायला लागले.

‘बुरशी आहे!’ हे मोठ्यानं म्हणाले. ‘माझ्या एन्लार्जरच्या काचेवर! ती काच कपाटात नसते ना, तिथेच बसलीय शिंची!’

अख्ख्या जिल्ह्यात मिरवलेली अब्रू एका डागापायी सगळ्या आळीसमोर गेली. आता हा माणूस आठ दिवस जेवत नाही, अशी माझी खात्रीच झाली. पण ह्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं, रडताहेत. हसत होते हो! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. ऋजुताच्या खांद्याला धरून हसले. चार वर्षं पोरीच्या कॅमेऱ्यावर ठेवलेला आळ असा स्वतःच्या दारात निघाला, तर माणूस दुसरं करणार काय? येसूबाई तर खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती.

ऋजुता म्हणाली, तेवढा सातवा परत रंगवून टाका, म्हणजे फोटो बरोबर होईल. ह्यांनी साफ नाही म्हटलं. तो फोटो आता स्टुडिओच्या काचेत आहे, सोललेल्या बटाट्यांच्या बरोब्बर मधे. येणाराजाणारा थांबतो, नि हे बाहेर येऊन सांगतात, ‘सहा माझ्या मुलीचे. सातवा माझा.’ येसूबाईचा नवा फोटोही शेजारी लागलाय, खोक अशी ठसठशीत, की तिच्या बायका तो बघायला मुद्दाम वाट वाकडी करून येतात. एन्लार्जरची काच आता कपाटात बल्बपाशी असते. तिच्याशेजारी माझा पापडाचा डबा आहे. कुणी काही बोललेलं नाही.

ऋजुता जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या डब्यात आंबोळ्या भरत होते, तर माजघरातून ह्यांची हाक आली. ‘अगं, जरा इकडे ये. येताना वाटीत पाणी आण.’

जाऊन बघते तर भिंतीवरून माझा फोटो उतरवलेला. मागचे खिळे काढून काच बाजूला ठेवलेली. ऋजुतानं पुठ्ठा दोन्ही हातांनी धरलेला, आणि हे गुडघ्यांवर बसून कापूस पिंजत होते. वाटीत कापूस बुडवला, पिळला नि त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर हळूहळू फिरवायला लागले. ओठ घट्ट मिटलेले. मी वाटी धरून उभी.

पांढुरका रंग कापसाला लागत गेला. खालून तीळ वर आला. होता तिथे, होता तेवढाच.

हे बाजूला झाले. थोडा वेळ फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, ‘कसा आलाय?’

मी जवळ जाऊन बघितलं. पदरानं डोळे पुसले नि म्हटलं, ‘आता मी आलेय.’